गोळ्यात मावेल एवढी गोष्ट

प्रश्न : मी नाशिकमध्ये सिडको भागातील एका शाळेत कलाशिक्षिका आहे. गणेशोत्सवाच्या कार्यशाळेतून उरलेली शाडूची माती हाताशी होती, म्हणून सातवीच्या वर्गाला ‘मातीतून एक गोष्ट सांगा’ असा विषय दिला. वर्गात ४८ मुले आहेत आणि आठवड्याला ३५ मिनिटांची एकच तासिका मिळते. बहुतेकांनी गणपती, साप, फळांची टोपली असे नेहमीचेच केले. ज्यांनी गोष्ट सांगायचा प्रयत्न केला त्यांनी घर, झाड, विहीर, ढग, माणसे असे सगळेच करायला घेतले आणि वाळल्यावर माणसांचे हातपाय गळून पडले. जी माणसे टिकली ती सगळी मूर्तीसारखी समोर बघत, हसत उभी आहेत. मराठीच्या शिक्षिकांचे म्हणणे असे की, मुलांकडून आधी गोष्ट लिहून घ्यावी आणि मग ती मातीत करवून घ्यावी. हे योग्य आहे का? एका मुलाने फक्त एक खाट आणि तिच्याखाली चपलांचा जोड केला व ‘झाले’ म्हणून सांगितले. त्याच्याशी काय बोलावे ते मला कळले नाही. स्नेहसंमेलनात या कामांचे प्रदर्शन लावायचे, असे मुख्याध्यापिकांनी ठरवले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक कलाशिक्षिका, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सातवीतल्या मुलाला ‘गोष्ट सांग’ म्हटले की, ‘एक होता राजा’पासून ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’पर्यंतचा सगळा पल्ला त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. बोलताना तो पल्ला गाठता येतो, कारण बोलणाऱ्याला ‘आणि मग’ म्हणता येते. मातीला ‘आणि मग’ म्हणता येत नाही. मातीतला माणूस ज्या क्षणी थांबला त्याच क्षणी तो कायमचा थांबतो. तुमच्या मुलांनी घर, विहीर, झाड, ढग असे सगळेच करायला घेतले ते याच अडचणीतून. गोष्टीतला काळ पुढे सरकवता येईना, म्हणून त्यांनी गोष्टीतल्या वस्तू वाढवत नेल्या. त्यांची कल्पनाशक्ती कमी पडलेली नाही. मातीत गोष्ट सांगायची म्हणजे एकच क्षण निवडायचा, आणि तो असा निवडायचा की त्याच्या आधी काय झाले व पुढे काय होणार हे बघणाऱ्याच्या मनात आपोआप उमटेल, ही गोष्ट त्यांना अजून कोणी दाखवलेली नाही, एवढेच.

ही निवड समजावून सांगून कळत नाही, हाताने करूनच कळते. म्हणून पुढच्या तासिकेला ‘गोष्ट’ हा शब्द उच्चारूच नका. पोळ्याची बैलजोडी द्या. श्रावणी अमावास्येला कुंभाराकडून आणलेले मातीचे बैल नाशिकच्या मुलांनी घरी नाही तर शेजारी, पाटावर पुजलेले पाहिलेले असतात. वशिंड कुठे येते आणि शिंगे कशी वळतात हे त्यांना शिकवावे लागणार नाही. दोघा-दोघांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला एकेक बैल करू द्या. अट एवढीच घाला की जोडीतला एक बैल उभा असेल आणि दुसरा खाली बसलेला. बसलेला बैल करायला उलट सोपाच असतो: पुढचे पाय दुमडून छातीखाली, धड एका अंगावर किंचित कललेले, बाकी सगळी माती जमिनीला टेकलेली, त्यामुळे मोडायलाही फारसे काही नसते. राहते ती मान, आणि सगळे मानेवर ठरते. मान वर आणि कान ताठ असले तर बैल निवांत रवंथ करतो आहे. तीच मान दोन बोटांनी हलकेच खाली नेऊन हनुवटी पाटाला टेकवली की बैल आजारी होतो. शिंगे, वशिंड, शेपटी यांत काही बदल झालेला नसतो, तरी होतो. हे मुलांच्या डोळ्यांदेखत एकदा करून दाखवा. वर्ग गप्प होईल आणि मग कोणीतरी विचारेल, ‘बाई, याला काय झालं?’ तो प्रश्न आला की तासिकेचे काम झाले, असे समजायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच जोडीजवळ अंगठ्याएवढा शेतकरी ठेवायला सांगा. काही मुले त्याला बसलेल्या बैलाच्या तोंडाशी उकिडवा बसवतील. काही जण त्याला मागून शेपटी पिरगाळताना दाखवतील. एखादी मुलगी त्याला बैलांकडे पाठ करून, डोक्यावर हात घेऊन लांब बसवेल. माती तेवढीच, पात्रे तीच, आणि गोष्टी तीन. शेतकऱ्याला पाटावर चिकटवण्याआधी जागा बदलून पाहण्याची मुभा द्या, किंबहुना तशी सक्तीच करा, कारण दोन आकृत्यांमधल्या अंतराला अर्थ असतो हे मुलांना पहिल्यांदा इथेच जाणवते. बोटभर अंतर आणि वीतभर अंतर यांत भांडण आणि अबोला यांच्याएवढा फरक पडतो.

आता समोर बघून हसणाऱ्या माणसांविषयी. पहिले काही आठवडे डोळे, नाक आणि तोंड काढायला सरळ मनाई करा. हा नियम जाचक वाटेल, मुले कुरकुरही करतील, पण मी याबाबतीत आग्रही आहे. वीतभरही उंची नसलेल्या आकृतीचे डोके बोराएवढे असते. त्यावर काडीने दोन टिंबे आणि एक वक्र रेघ ओढली की भाव दाखवून झाला असे मुलाला वाटते आणि उरलेले सगळे शरीर तो खांबासारखे उभे करून टाकतो. चेहरा काढून घेतला की पाठ, खांदे, मान, गुडघे यांच्याकडे वळण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही, आणि छोट्या शिल्पात खरे बोलणे तिथूनच होते. मातीला हात लावण्याआधी एका विद्यार्थ्याला वर्गासमोर उभे करा आणि सांगा की, तू निमाणी स्थानकावर तासभर बसची वाट पाहतो आहेस. बाकीच्यांनी त्याच्याकडे समोरून नव्हे, बाजूने पाहायचे. भार एका पायावर गेलेला दिसतो, त्याच बाजूचे कंबरेचे हाड वर येते, दुसरा गुडघा सैल पडतो, खांदे पुढे झुकतात. मग त्याच्या हातात भरलेली पिशवी द्या. पिशवीच्या उलट दिशेला सगळे शरीर कलते. हे एकदा डोळ्यांनी पकडले की माणसे मूर्तीसारखी उभी राहत नाहीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून घेताना आपण स्मरणचित्रात माणसांचे जे ठरावीक साचे मुलांना देतो, ते मात्र या वर्गाच्या दाराबाहेर ठेवा.

हातपाय गळून पडण्याचे कारणही जवळजवळ याच ठिकाणी आहे. मुलांनी डोक्याचा एक गोळा, धडाचा एक गोळा आणि हातापायांच्या वळ्या करून त्या एकमेकांना चिकटवल्या असणार. माती वाळताना आकसते. बारीक वळी आधी वाळते, जाड धड मागाहून वाळते, आणि या ओढाताणीत सांधा सुटतो. त्यावरचा उपाय असा की, सगळी आकृती एकाच गोळ्यातून काढायची. लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा घेऊन वरचा भाग चिमटीत धरून मान आवळायची, खालच्या भागाला मधून चिरून पाय काढायचे, खांद्याची माती ओढून हात काढायचे आणि ते हवेत न सोडता कुठेतरी टेकवायचे: गुडघ्यावर, कपाळावर, पोटाशी, दुसऱ्याच्या खांद्यावर. टेकलेला हात मोडत नाही, आणि हवेत पसरलेल्या हातापेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो. जोड द्यावाच लागला तर दोन्ही बाजू खराट्याच्या काडीने खरवडाव्यात, पाण्यात कालवलेली दाटसर माती मध्ये लावावी, दाबावे आणि सांध्यावरून बोट फिरवून तो बुजवावा. नुसते पाणी लावून चिकटवलेले टिकत नाही. आधारासाठी आत तारही घालू देऊ नका. माती आकसते, तार आकसत नाही, आणि तडा तिथेच जातो.

टेकण्याचा हा नियम मी पुढे सगळ्या रचनेलाच लावतो: जे माणसाला टेकलेले नाही, ते करायचे नाही. झाड हवे असेल तर कोणीतरी त्याला पाठ लावून बसलेले असले पाहिजे; विहीर हवी असेल तर कोणीतरी कठड्यावरून वाकलेले असले पाहिजे. ढग या नियमात बसत नाहीत, म्हणून ते गळतात. मुलांना हे पटवायला नाशिकमध्ये फार चांगले उदाहरण आहे. गोदावरीला पूर आला की नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशा भाषेत आपल्याकडे पूर मोजला जातो. मूर्ती जागची हलत नाही, तिच्या अंगाला पाणी कुठे टेकले यावर गावाची काळजी वाढते किंवा उतरते. वर्गात एकसारख्या तीन उभ्या आकृत्या करून घ्या आणि त्यांच्याभोवती मातीची सपाट लादी थापायला सांगा: एकीच्या घोट्यापर्यंत, दुसरीच्या मांडीपर्यंत, तिसरीच्या छातीपर्यंत. मग तिसरीच्या खांद्यावर एक लहान मूल बसवा. पूर दाखवायला नदी, पूल, देवळे यांतले काहीही लागले नाही, हे मुले स्वतःच बोलून दाखवतील.

लहान आकृत्यांना एकमेकींच्या संबंधाने अर्थ येतो, ही आपल्या मातीतली फार जुनी जाण आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावच्या उत्खननात, ३००० वर्षांहून जुन्या घराच्या जमिनीखाली, मातीच्या डबीत ठेवलेली एक कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती सापडली. तिला डोके नाही. सोबत मातीचाच एक बैल होता. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे, आणि मध्ये काडी घातली की ती बैलावर बसते. हे वर्गात जरूर सांगा. ज्या मुलाला नाक-डोळे काढायची बंदी खुपते आहे, त्याला तर आधी सांगा.

तुमच्या सहकारी शिक्षिकांचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी सुचवलेला क्रम उलटा करावा असे माझे स्पष्ट मत आहे. लिहिलेल्या गोष्टीत ‘दुसऱ्या दिवशी’, ‘त्याला वाईट वाटले’, ‘अचानक’ असे शब्द येतात, आणि ते मातीत आणायच्या खटपटीत मूल आपल्याच वहीची चित्रे काढत बसते; हाताखालच्या मातीने सुचवलेले काही स्वीकारायला ते मोकळे राहत नाही. मान कलली आणि बैल आजारी झाला, हे कुठल्या वहीत आधी लिहिलेले नव्हते. म्हणून माती आधी, बोलणे त्यानंतर आणि लिहिणे सर्वांत शेवटी. बोलण्याची रीत अशी ठेवा: काम बाकावर ठेवायचे, ज्याने केले त्याने गप्प बसायचे आणि इतर दोघा-तिघांनी सांगायचे की समोर काय दिसते आहे, थोड्या वेळापूर्वी काय झाले असेल आणि आता काय होईल. करणाऱ्याला हे ऐकताना फार जड जाते, तोंडातून शब्द निसटू पाहतात, पण त्याला थांबवा. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर ते काम चांगले आहे. कोणालाच काही सांगता आले नाही, तर करणाऱ्याने ओल्या मातीत एकच बदल करायचा: मान वळवायची, अंतर कमी-जास्त करायचे, किंवा एखादी वस्तू काढून टाकायची. काढून टाकण्याचाच उपयोग बहुधा होतो. त्यानंतर मराठीच्या तासाला प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामावर गोष्ट लिहावी, स्वतःच्या नव्हे. तुमच्या सहकारी शिक्षिकांना यातून अस्सल लेखन मिळेल, आणि करणाऱ्याला आपल्या मातीत दुसऱ्याने काय पाहिले ते कळेल.

आता खाट आणि चपला. तुमच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांना मी वर जे शिकवायला सांगतो आहे, ते या मुलाने कोणी न सांगता केले आहे. त्याने माणूस वगळला, तो आत्ताच इथे होता हे दाखवणारी एक वस्तू ठेवली आणि योग्य जागी थांबला. ते ‘झाले’ म्हणजे टाळाटाळ नव्हे. आणखी काही घालायचे नाही हे त्याला ठाऊक होते. तुम्हाला त्याच्याशी काय बोलावे ते कळले नाही, कारण त्यामागे घरातले काही असेल का, अशी शंका तुमच्या मनात आली असावी, आणि ती शंका येणे हे चांगल्या शिक्षिकेचेच लक्षण आहे. माझा सल्ला असा की, घराविषयी काही विचारू नका, मातीविषयी विचारा. चपलांची टोके खाटेकडे आहेत की बाहेरच्या बाजूला? एक चप्पल जरा पुढे आहे, ती मुद्दाम ठेवली का? खाटेच्या दोऱ्या मधोमध खोल गेल्या आहेत, त्या दाबल्यास की तशाच झाल्या? अशा प्रश्नांना मूल मोकळेपणाने उत्तर देते, कारण ते प्रश्न त्याच्या कामाचे असतात. त्याला याहून अधिक सांगायचे असेल, तर याच उत्तरांच्या आडून तो सांगेल, आणि नसेल तर त्याने जे मातीत ठेवले तेवढे पुरेसे आहे. त्याच्यात नंतर अबोलपणा, जेवणाच्या सुट्टीत एकटे बसणे, अभ्यासात एकाएकी घसरण असे काही दिसले, तर वर्गशिक्षकांशी आणि पालकांशी जरूर बोला, पण त्यासाठी शिल्पाचा पुरावा म्हणून उपयोग करू नका. तसे केलेत तर तो पुन्हा मातीत खरे काही ठेवणार नाही. वर्गासमोर त्याच्या कामाचे वाजवीपेक्षा जास्त कौतुकही टाळा. नाहीतर पुढच्या आठवड्यात तुमच्या टेबलावर चाळीस रिकाम्या खाटा येतील.

ज्या मुलांना एका क्षणात भागत नाही, त्यांना थोडे मोठे झाल्यावर, आठवी-नववीत, ओळीने क्षण मांडायला द्या, आणि त्याआधी त्यांना एकदा पांडवलेण्यांवर घेऊन जा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात त्याची आजी गौतमी बलश्री हिने दान दिल्याचा शिलालेख जिथे आहे त्याच विहारात, आत जाण्याच्या मुख्य दाराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पाहायला सांगा. प्रत्येक पट्टीत एकावर एक सहा चौकटी आहेत. बहुतेक चौकटींत दोन पुरुष आणि एक स्त्री दिसतात, आणि शेवटाकडे त्यांतला एक पुरुष तिला उचलून नेत असल्यासारखे दिसते. तीच तीन माणसे, चौकट बदलली की वेगळ्या अवस्थेत. मागे डोंगर नाही, घर नाही. मुलांना तिथे अर्धा तास बसू द्या, माहितीचे भाषण नंतर करा. दोन चौकटींच्या मधल्या दगडात काय घडून गेले असेल, एवढेच त्यांच्याकडून बोलवून घ्या. परत आल्यावर तळहाताएवढ्या मातीच्या तीन लाद्यांवर उठावाचे काम द्या. तीनच द्या; चौथी मागितली तरी देऊ नका.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. एका मुलाला पाव किलो माती पुरते. त्यात बोटभर उंचीच्या दोन बसलेल्या आकृत्या आणि खालची लादी होते, म्हणजे तुमच्या वर्गाला सुमारे १२ किलो लागेल. माती आदल्या दिवशीच मळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, नाहीतर अर्धी तासिका मळण्यातच जाईल. अपुरे काम ओल्या कापडात आणि वर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले की आठवडाभर हाताळण्याजोगे राहते. अंगठ्यापेक्षा जाड भाग, नख उमटते पण वाकत नाही इतपत वाळल्यावर, खालून कोरून पोकळ करा आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. शाडू न भाजताच वापरावी. तुटलेले तुकडे भिजवले की ती पुन्हा कामाला येते आणि मुलांना आपले काम मोडण्याची भीती उरत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. भाजून हवे असेल तर कुंभाराची माती घ्या आणि त्याच्याच भट्टीत, त्याला विचारून, पूर्ण वाळलेली कामे लावा. आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन आकृती फुटते आणि शेजारची मडकीही जातात. रंग देऊ नका.

गुण द्यायचेच असतील तर सफाईला देऊ नका. बोलण्याच्या वेळी बाकीच्यांना त्या कामाविषयी किती सांगता आले आणि त्यानंतर करणाऱ्याने कोणता बदल केला, या दोन गोष्टी वहीत टिपून ठेवा आणि त्यांवर गुण द्या.

प्रदर्शनासाठी मुख्याध्यापिकांकडे दोन मागण्या करा. पहिली, कामे टेबलावर रांगेने मांडू नयेत. बाकावर बाक चढवून ती बघणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, प्रत्येकाभोवती हातभर मोकळी जागा सोडून ठेवावीत, म्हणजे आकृतीची पाठही दिसेल. दुसरी, खाली शीर्षकाची चिठ्ठी नसावी. ‘माझा शेतकरी बाबा’ असे लिहिले की वाचणारा चिठ्ठी वाचून पुढे जातो. त्याऐवजी प्रत्येक कामाशेजारी एक वही आणि पेन्सिल ठेवा, करणाऱ्याचे नाव लादीच्या तळाशी कोरलेले असू द्या, आणि पालकांना सांगा की, इथे काय घडून गेले आहे असे वाटते ते दोन ओळींत लिहा. वह्या त्याच संध्याकाळी गोळा करून, तुम्ही न वाचता, ज्याच्या त्याच्या हातात द्या.